कपाचा तळ

ओमाहाचा नोव्हेंबर. बर्फ अजून नाही,
नुसता वारा, पार्किंगमधली बेवारस ट्रॉली ढकलत नेणारा.
टेबल चौदा. तिघं. बुकिंग बारागान या नावानं,
खाली शेरा: काहीतरी साजरं करायचंय.

काय ते आम्ही विचारायचं असतं.
वाढदिवसाला मेणबत्ती, लग्नाच्या तारखेला शॅम्पेन.
पोरगी म्हणाली, "घराचा शेवटचा हप्ता फिटला. मंगळवारी."
याला आमच्याकडे काही ठरलेलं नव्हतं.
मी म्हटलं, वा! आणि पाणी ओतलं.

आई कोट काढून देईना.
बापानं मेन्यू हातभर लांब धरला,
आणि उजव्या बाजूच्या आकड्यांवरून बोट
खाली खाली नेलं, ताप बघावा तसं.

मी माझा पाठ म्हटला:
इथल्याच गवतावरचं जनावर, अठ्ठावीस दिवस मुरवलेलं,
सहावी ते बारावी बरगडी, लाकडी कोळसा, जाडं मीठ.
चार वर्षांत जीभ आपोआप वळते, मी तेव्हा भाड्याचा विचार करत असते.
तो मान तिरपी करून ऐकत होता,
आपल्याच गावची वाट परका सांगतोय तशी.
"बारावी आणि तेरावी," तो म्हणाला,
"त्या दोघींच्या मधे मी असायचो.
तेवीस वर्षं. एक काप, की पुढचं जनावर."
पोरीनं टेबलाखाली त्याच्या बुटावर बूट ठेवला.
मला दिसलं. मला सगळं दिसतं, त्याचाच पगार आहे.

थाळ्या आल्या. चरचर अजून थांबली नव्हती.
त्यानं सुरी उचलली, पात्यावर अंगठा आडवा फिरवला
आणि खाली ठेवली.
"बाई, एक रिकामा कप मिळेल?
कॉफीचा. चिनी मातीचा."

मला वाटलं, कॉफीच हवी असेल.
त्यानं कप पालथा घातला.
तळाशी एक खरखरीत कडं असतं, झिलई न चढलेलं,
इतकी वर्षं कप धुतले, मी कधी पाहिलं नव्हतं.
त्यावर सुरी. एकदा इकडून, एकदा तिकडून.
स्स्क. स्स्क.
पियानोवाला एक सूर चुकला.
नऊ नंबरच्या बाईनं चष्मा काढला.
दारातून व्होंद्राचेक साहेबांची भुवई माझ्याकडे निघाली.
"एलेउतेरिओ!" बायको म्हणाली, पूर्ण नावानं.

त्याची शेवटची दोन बोटं सरळ होत नाहीत.
मघा पाण्याचा ग्लास धरताना ती अडचणीची वाटली होती;
सुरीच्या मुठीभोवती मात्र
जिथल्या तिथे.

तिन्ही सुऱ्या झाल्या.
मग त्यानं तिघांचंही मांस कापलं,
दाबलं नाही, ओढलं नाही,
नुसतं दाखवलं त्याला कुठून उघडायचं ते.
पोरगी आता इकडेतिकडे बघत नव्हती.
तिनं आपली थाळी त्याच्याकडे सरकवली होती,
पाच वर्षांची असताना सरकवत असेल तशी.

पहिला घास त्यानं खूप वेळ चावला.
मी काय विचारायचं असतं ते विचारलं:
कसं झालंय?
तो मांसाकडे बघत म्हणाला,
"अस्सं.
म्हणजे हे इथे येतं होय."

बिल त्यानंच दिलं, पोरगी कार्ड काढेपर्यंत.
रोख. नोटा सगळ्या एका तोंडानं लावलेल्या.
बायकोनं उरलेलं हाड नॅपकिनात बांधून घेतलं,
मी डबा देत असतानाही.
कोट तिनं शेवटपर्यंत काढला नव्हता.

कपाच्या तळाला राखाडी रेघा राहिल्या.
धुतला, तरी राहिल्या. मी तो मागच्या फळीवर ठेवला.

सुऱ्या गोळा करताना अंगठा कापला.
रक्त यायला वेळ लागला, इतकी बारीक धार;
आधी नुसती पांढरी रेघ,
मी तिच्याकडे बघत उभी,
आणि नऊ नंबरला मेणबत्ती हवी होती.